जलशुद्धीकरण केंद्र आणि इमारत: ईपीसी की बी-१? सल्ला हवा

नवा_अभियंता
नमस्कार. मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत स्थापत्य अभियंता आहे, नोकरीचं तिसरं वर्ष. यंदा दोन मोठी कामं एकदम आली आहेत: ८ एमएलडीचं (रोज ८० लाख लिटरचं) जलशुद्धीकरण केंद्र आणि नवी प्रशासकीय इमारत. आजवर आम्ही सगळं बी-१ वर, म्हणजे टक्केवारी दराच्या निविदेवर केलं (ठेकेदार आमच्या अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी-जास्त ते भरतो). आता पदाधिकारी म्हणतात, दोन्ही कामं ईपीसीने, म्हणजे आराखडा, खरेदी आणि बांधकाम सगळं ठोक रकमेत, एकालाच द्या, समृद्धी महामार्गासारखं झटपट होईल. इमारतीसाठी हॅमही (काही पैसे आधी, बाकीचे पुढे हप्त्यांनी) सुचवलं गेलंय. जाणकारांनी सांगावं, दोन्हीला एकच पद्धत लावू का? निविदेआधी काय बघू?

निवृत्त_उपअभियंता
एकत्र करू नका. दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा आहे.

केंद्र ठोक रकमेत, ठेकेदाराच्या आराखड्यावर द्या. क्लॅरिफायर (गाळ खाली बसवायची टाकी), गाळण टाक्या, पंप यांची मांडणी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने करते, ते ज्ञान आपल्या कार्यालयात नसतं. आपण निकाल मागायचा: शुद्ध पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत, ही पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची, आयएस १०५०० ची, स्वीकार्य मर्यादा आहे. चाचणी मात्र पावसाळ्यात घ्या. एप्रिलमधलं निवळ पाणी कुठलंही केंद्र गाळून देतं, जुलैत पहिलं लाल पाणी आलं की खरं कळतं. ठेकेदाराने एक अख्खा पावसाळा केंद्र चालवून दाखवावं आणि रकमेचा ठळक हिस्सा त्यावर अडकलेला असावा. विजेचा खर्चही तुलनेत धरा. स्वस्तातले पंप पुढची १५ वर्षं नगरपरिषदेला बिल भरायला लावतात.

इमारत बी-१ वरच ठेवा. सभागृह कुठे, दालनं किती, हे काम चालू असतानाही बदलतं. मोजमाप पुस्तिकेवर बिल होत असेल तर बदल पचतो. ठोक रकमेत प्रत्येक भिंतीवर वाद होतो.

माझ्या नोकरीतली एक चूक सांगतो. एका इमारतीचं काम आम्ही ठोक रकमेत दिलं आणि निविदेला माती तपासणीचा अहवाल जोडला तो शेजारच्या जागेचा. पाया खोदला तर साडेचार मीटरपर्यंत काळी माती. ठेकेदार म्हणे, तुमचा अहवाल पाहून दर भरला. आम्ही म्हणालो, ठोक म्हणजे ठोक. काम १४ महिने बंद पडलं. ती चूक आमची होती, हे मला आजही बोचतं. माती तपासायला चार बोअर घ्यायचा खर्च आम्ही वाचवला होता.

खडी_सिमेंट
मी छोटा ठेकेदार आहे, आमच्या बाजूनेही ऐका. बी-२ मध्ये, म्हणजे बाबनिहाय दरात, ज्या बाबीचं परिमाण वाढणार हे ठेकेदाराला दिसतं तिथे तो दर चढा भरतो आणि जी बाब होणारच नाही तिथे पडका. बेरीज सगळ्यांत कमी दिसते, काम संपताना आकडा वेगळाच निघतो. बी-१ मध्ये सगळ्या बाबींना एकच टक्का, त्यामुळे हा खेळ बराच कमी होतो. पण अंदाजपत्रकातली परिमाणं नीट काढा. एखादी बाब निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढली की करारातलं कलम ३८ लागतं, मग मंजुरीची फाइल फिरत राहते आणि आमची माणसं साइटवर बसून राहतात.

अंदाजपत्रकापेक्षा २५-३० टक्के बिलो (कमी) आलेल्या निविदेला भुलू नका. जादा सुरक्षा ठेव घ्याच, आणि दर परवडतो कसा याचं पृथक्करण लिहून मागा.

हिशेबनीस
हॅमबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये ते राष्ट्रीय महामार्गांसाठी मंजूर केलं. बांधकामाच्या काळात सरकार ४० टक्के देतं, उरलेले ६० टक्के ठेकेदार उभे करतो आणि ते १५ वर्षांत सहामाही हप्त्यांनी, व्याजासह फेडले जातात. तुमच्या इमारतीतून उत्पन्न येणार नाही, घरपट्टीची वसुली तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या तीन सभागृहांवर हप्ते लादू नका.

समृद्धीचं म्हणाल तर ७०१ किमीचं काम १६ पॅकेजमध्ये वाटलं होतं, एकाला दिलेलं नव्हतं. नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये खुलं झालं, इगतपुरी ते आमणे हा डोंगरातला, बोगद्यांचा टप्पा जून २०२५ मध्ये. ईपीसी असूनही डोंगराने आपला वेळ घेतलाच.

नवा_अभियंता
मनापासून आभार. दोन कामं वेगळी ठेवायची टिपणी लिहायला घेतली. एक राहिलं: केंद्राच्या जागेतला काही भाग अजून ताब्यात नाही. निविदा काढून ठेवू का? आणि केंद्रासाठी फक्त सर्वांत कमी दरावर न जाता गुणवत्तेला गुण देता येतील का?

निवृत्त_उपअभियंता
ताबा नसताना कार्यादेश देऊ नका. मुदत त्या दिवसापासून धावू लागते आणि उशिराचा दोष तुमच्या माथी येतो. निविदेची तयारी करा, बोअर घ्या, नदीच्या पाण्याचे पावसाळ्यातले नमुने तपासून अहवाल जोडा.

गुणांबद्दल: केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत बांधकामांसाठीही गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के भार द्यायची मुभा आहे. ती राज्यातल्या नगरपरिषदेला आपोआप लागू होत नाही, तेव्हा वरिष्ठांकडून लेखी घ्या. तेवढं जमलं नाही तर पात्रतेच्या अटीत एवढंच घाला: याच क्षमतेच्या आसपासचं, दोन पावसाळे चाललेलं केंद्र त्याने बांधलेलं असावं. मग स्वतः तिथे जा, तिथल्या ऑपरेटरशी बोला. जुलैतली नोंदवही मागून बघा.