गार्नेटची वर्षे नेमकी कोणी वाया घालवली?
एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील खेळाडू केविन गार्नेटची मिनेसोटा संघातील उमेदीची बारा वर्षे दुबळ्या सहकाऱ्यांपायी फुकट गेली, हे म्हणणे मला अर्धेच पटते. 1997 ते 2003 अशी सलग सात वर्षे संघ हंगामाअखेरच्या बाद सामन्यांच्या (प्लेऑफच्या) पहिल्याच फेरीत गारद झाला हे खरे. परंतु सहकारी दुबळे का राहिले, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. जो स्मिथ या खेळाडूशी व्यवस्थापनाने वेतनमर्यादेला (संघाने खेळाडूंवर करायच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेला) बगल देणारा गुप्त करार केला होता. तो 2000 साली उघडकीस आला, तेव्हा लीगने 35 लाख डॉलर दंडाबरोबरच नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील (ड्राफ्टमधील) पहिल्या फेरीच्या पाच संधी काढून घेतल्या. त्यांतील दोन पुढे परत मिळाल्या, तरी संघ उभारण्याची ऐन वर्षे हातची गेलीच. (खुद्द गार्नेटच्या 12 कोटी 60 लाख डॉलरच्या करारानेही तिजोरी आवळली होती, हे त्याच्या चाहत्यांना फारसे रुचत नाही.)

आमच्या फोंड्यातील शालेय सामन्यांत एकाच उंच मुलाला दोघेतिघे घेरतात, तो कोपऱ्यातल्या मोकळ्या सोबत्याकडे चेंडू देतो आणि सोबती बास्केटकडे न पाहताच तो त्याला परत करतो. शाळेला सोबती निवडता येत नाहीत. मिनेसोटाला येत होते. 2003 मध्ये सॅम कॅसेल आणि लॅट्रेल स्प्रीवेल हे खेळाडू सोबतीला येताच 2004 मध्ये गार्नेट लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तिथे मात्र कॅसेलच्या दुखापतीने घात केला आणि लॉस एंजेलिस लेकर्स संघाने मालिका 4-2 अशी जिंकली.