कुकचा फ्लोरा आजही का उघडायचा?

कातळकडा:
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट जुन्नर तालुक्यातल्या फुलझाडांवर आहे. मॅडमनी सांगितलं, आधी कुक बघ. थिओडोर कुक, ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’, 1901 पासून भागाभागाने निघालेला, मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची वर्णनं देणारा ग्रंथ (फ्लोरा). चित्रं नाहीत, कितीतरी नावं बदललेली, रुई अजून अ‍ॅस्क्लेपिएडेसी या जुन्या कुळात. महाराष्ट्राचे नवे फ्लोरा हाताशी असताना यात डोकं कशाला घालायचं?

जुना मास्तर:
नावासाठी नाही गं, ठिकाणासाठी. वर्णन संपलं की कोकण, दख्खन अशी विभागवार ठिकाणं येतात आणि सोबत नमुना गोळा करणाऱ्याचं नाव: स्टॉक्स, लॉ, वुड्रो. नावापुढे उद्गारचिन्ह दिसलं तर समजायचं, हा नमुना कुकने स्वतः डोळ्यांखालून घातलाय. बाकीच्या नोंदी दुसऱ्याच्या भरवशावर. मी वर्गात पोरांना आधी हे चिन्ह वाचायला शिकवायचो, झाड ओळखायची किल्ली (key) त्यानंतर. शिवाय डालझेल-गिब्सनच्या 1861 च्या पुस्तकातलं पान दिलेलं असतं, म्हणजे अजून चाळीस वर्षं मागे जाता येतं.

कुक हा गडी मूळचा इंजिनिअर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचा (आताचं सीओईपी) प्राचार्य. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू बागेच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) बसून हे लिहिलं.

आता तुझ्याच तालुक्यातली शिंदळ माकुडी ही कड्यावरची वनस्पती घे. डालझेलने 1864 मध्ये तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं, आता ती बुसेरोशिया या प्रजातीत (genus) गेली. जाऊ दे. कड्यावर ती सापडली तर ठिकाण नवं की जुनंच, हे जुन्या नोंदी बघितल्याशिवाय कसं ठरवणार? आणि नाहीच सापडली, तर त्या नोंदी जास्तच लागतील.

वऱ्हाडी:
मास्तर, आमच्या अमरावतीला तुमचा कुक कामाचा नाही. मुंबई इलाख्याची हद्द तीच पुस्तकाची हद्द. त्यात कराची आहे, अकोला नाही! मराठवाडाही निजामाकडे, म्हणून बाहेर. विदर्भात एखादी जात ‘कुकमध्ये नाही’ म्हणून नवी नोंद ठोकणारे पेपर वाचले की कपाळाला हात लावतो.

जुना मास्तर:
शंभर टक्के खरं. जुन्नरला मात्र ही अडचण नाही.

कातळकडा:
धन्यवाद सर. लायब्ररीत तीन खंडांचा संच आहे, तोच ना?

जुना मास्तर:
तो 1958 चं पुनर्मुद्रण असेल. मूळ ग्रंथ दोन खंडांचा, त्यामुळे पानं जुळत नाहीत. संदर्भ देताना दोन्ही पृष्ठांक दे, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.