मदत हवी आहे: स्टुडिओत शूट चालू असताना अ‍ॅपर्चर नकळत सरकतं, कसं अडवायचं?

मंडळी, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) बदलणाऱ्या, कॅमेऱ्याच्या मागच्या डायलने वैताग आणलाय. मी कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढते, कॅमेरा हातातच असतो. सगळं मॅन्युअल: आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ/८, उजेड स्ट्रोबचा, म्हणजे स्टुडिओ फ्लॅशचा. एकदा मीटरने मोजून लाइट बसवला की दिवसभर कशालाच हात लावायचा नसतो. कपडा बदलला, क्लिक. तरी मधेच कधीतरी अंगठा नाहीतर तळहात घासतो आणि एफ/८ चं एफ/९ होऊन बसतं, म्हणजे छिद्र जरासं लहान.

दोन-तीन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) घसरलं असतं तर ताबडतोब कळलं असतं. एक तृतीयांश स्टॉप मात्र बेमालूम निसटतो. उजेड साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो, पांढरा पडदा किंचित राखाडी होतो आणि फिकट कापड मळकट दिसायला लागतं. सुटा फोटो बघून काहीच कळत नाही. तेच दोन कुर्ते पानावर शेजारी शेजारी लावले की क्लायंट पहिला प्रश्न विचारतो, हा वेगळ्या शेडचा आहे का?

शटर सरकलं तर मला फारशी फिकीर नाही. फ्लॅशचा झोत इतका क्षणभराचा असतो की १/१२५ चं १/१०० झालं तरी त्याच्या उजेडात फरक पडत नाही, खोलीतला नाहीतर फ्लॅशमधल्या सतत जळणाऱ्या मॉडेलिंग लॅम्पचा उजेड तेवढा जरासा जास्त शिरतो. उलट्या बाजूला जाऊन सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर) ओलांडला तर फ्रेममध्ये काळा पट्टा येतो, आणि तो लपत नाही. खरे चोर दोनच, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ.

त्यात बॉडी मिररलेस, व्ह्यूफाइंडरमध्ये छोटा स्क्रीनच. एक्स्पोजर प्रिव्ह्यू (सेटिंगप्रमाणे चित्र उजळ किंवा काळं दाखवणं) चालू ठेवला तर या सेटिंगला व्ह्यूफाइंडरमध्ये काळोखच दिसतो, म्हणून तो बंद. मग अ‍ॅपर्चर हललं तरी समोरचं चित्र होतं तसंच उजळ! खालचा आकडा बदलतो, पण मॉडेलच्या डोळ्यांवर लक्ष असताना तिकडे बघतंय कोण.

सध्या डायलवर गॅफर टेप लावते. चिकटपणा मागे राहत नाही, काम भागतं. पण दोघींना मागेपुढे उभं केलं की दोघीही स्पष्ट याव्यात म्हणून मला एफ/११ लागतं. मग टेप काढा, अ‍ॅपर्चर बदला, फ्लॅश एक स्टॉप वाढवा, पुन्हा टेप लावा. तोवर मॉडेल ताटकळते. चुकून हलू नये, पण मुद्दाम बदलायचं तर झटकन बदलता यावं, असं काही आहे का? (ऑटो आयएसओ बंद आहे, ते कृपया सुचवू नका.)

प्रतिसाद

बॉडी कोणती ते लिहायला हवं होतंत. बहुतेक कंपन्यांच्या वरच्या बॉडींमध्ये डायल लॉक करायची सोय असते, फक्त प्रत्येकाने ती वेगळ्या कोपऱ्यात दडवलेली. निकॉनच्या डी५०० आणि डी८५० मध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर वेगवेगळे लॉक होतात, म्हणजे तुमच्यासारखीला नुसतं अ‍ॅपर्चर बांधून ठेवता येईल. कॅननच्या ५डी मार्क ४ ला मागे लॉकचा खटका आहे, पण त्याने नेमकं काय काय अडवायचं ते मेनूत मल्टी फंक्शन लॉकमध्ये जाऊन निवडावं लागतं. सोनीच्या ए७ मार्क ३ मध्ये डायल-व्हील लॉक चालू केलं की एफएन बटण दाबून धरायचं, लॉक. पुन्हा दाबून धरलं की सुटतं. टेपपेक्षा केव्हाही बरं.

प्रतिसाद

उभी ग्रिप (कॅमेरा उभा धरायला खाली जोडायची) लावता का? पूर्ण उंचीचे फोटो उभे काढत असाल तर लावत असणारच. कॅमेरा आडवा धरला की त्या ग्रिपचं डायल तळहाताखाली येतं. बऱ्याच ग्रिपना स्वतःचा वेगळा खटका असतो. आडवे फोटो काढताना तो बंद ठेवा. सगळे बॉडीवरच्या डायलला शिव्या घालतात, ग्रिपकडे कुणी बघत नाही.

प्रतिसाद

झटकन बदलायचं असेल तर कस्टम मोड (मोड डायलवरच्या, आपली सेटिंग साठवायच्या जागा) वापरा. सी१ वर एफ/८ साठवा, सी२ वर एफ/११. मोड डायलला मधे दाबायचं बटण असेल तर ते चुकून फिरायचा प्रश्नच नाही. एक खबरदारी घ्या: काही बॉडींत तुम्ही केलेला बदल आपोआप त्याच कस्टम मोडमध्ये साठवायचा पर्याय असतो, तो बंद हवा. नाहीतर चुकून आलेलं एफ/९ सी१ मध्ये कायमचं मुक्काम ठोकेल. फ्लॅशची पॉवर अर्थातच कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश ट्रिगरवरून वेगळी बदलावी लागेल.

धागाकर्ती

ग्रिप आहे, आणि कॉलर, बटणांचे क्लोजअप मी आडवेच काढते. फोटो फसतात तेही बहुतेक त्यानंतरचेच. खटका उद्या बघते. सी१ ची कल्पना आवडली, पण सी१ वर असतानाही डायल फिरणारच ना?

प्रतिसाद

फिरणार. सी१ अडवत नाही, पूर्वपदावर आणतो. म्हणून प्रत्येक कपड्याच्या आधी मोड डायल एक घर पुढे नेऊन परत सी१ वर आणा, मधे काहीही सरकलेलं असो, एफ/८ हजर. आणि टेदर करत असाल (कॅमेरा संगणकाला जोडून शूट) तर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटोखाली अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दिसेल असं करून ठेवा. कपडे बदलायला मॉडेल आत गेली की त्या ओळीवरून नजर फिरवायची. एफ/८ च्या रांगेत एखादं ९ लगेच उठून दिसतं, आणि कपडा अजून इस्त्रीच्या टेबलावर असतानाच फोटो पुन्हा काढता येतो.