गावापुरतं केबल चॅनेल: उपकरणं कोणती, सिग्नल किती?

प्रश्न: दीडशे घरं, सगळी एका किलोमीटरच्या आत. गावाच्या बैठका, पिकांची माहिती, शाळेचे कार्यक्रम दाखवायचेत. इंटरनेट भरवशाचं नाही, म्हणून केबल. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: आधी परवान्याचं बघा. मग घरोघरचे टीव्ही कोणतं डिजिटल मानक पकडतात ते तपासा आणि एचडीएमआय एन्कोडर-मॉड्युलेटर (प्लेअरचं किंवा कॅमेऱ्याचं चित्र केबलवरच्या टीव्ही चॅनेलमध्ये बदलणारं यंत्र) त्याच मानकाचा घ्या. ७२०पी चित्राला ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) पुरतात. प्लेअर जोडल्यावर पडदा काळाच राहिला, तर बहुधा एचडीसीपी (एचडीएमआयमधलं कॉपी रोखणारं कुलूप) आडवं येतंय. मॉड्युलेटरला दोष देऊ नका.

उत्तर २: खरी गोम वायरिंगमध्ये आहे. आरजी-६ मध्ये (घरोघर जाणारी नेहमीची टीव्ही केबल) ८०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २० डेसिबल गळतात, २०० मेगाहर्ट्झला त्याच्या निम्मे. म्हणून चॅनेल खालच्या फ्रिक्वेन्सीवर ठेवा. टीव्हीपाशी ६० ते ७५ डीबी मायक्रोव्होल्ट (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) मिळायला हवेत. कमी पडले की लोक लाइनच्या शेवटी अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारं यंत्र) लावतात, पण तिथे सिग्नलबरोबर गोंगाटही वाढतो. अ‍ॅम्प्लिफायर त्याआधीच, सिग्नल अजून चांगला असतो तिथे लावावा. टॅपच्या (मुख्य लाइनमधून घराला फाटा देणारी डबी) रिकाम्या तोंडांना ७५ ओहमचे टर्मिनेटर (सिग्नल उलटा फिरू न देणारी टोपणं) हवेतच. पावसानंतर चित्राचे चौकोन होऊ लागले तर बाहेरचा कनेक्टर उघडा: केबलमधली तारेची जाळी काळवंडलेली किंवा हिरवट दिसली, तर पाणी शिरलंय. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा.

प्रश्नकर्ता: मुख्य लाइन फायबरची केली तर घरटी नोड (फायबरचा प्रकाश पुन्हा केबलच्या सिग्नलमध्ये बदलणारी पेटी) लागेल?

उत्तर २: नाही. तीस-चाळीस घरांमागे एक, पुढे आरजी-६.

उत्तर ३: आवाजाकडे दुर्लक्ष नको! कॅमेऱ्याचा माइक बैठकीत निरुपयोगी. माइक तोंडापासून वीतभर, रेकॉर्डिंगच्या मीटरवर पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास.