विहिरीच्या बारात (सुरुंगात) भावाच्या डोळ्यांत कण गेले, काही तसेच ठेवलेत. बरोबर आहे का?

केजचा शेतकरी:
राम राम. आमच्या विहिरीत सोमवारी सात बार भरले, उडाले सहाच. धाकटा वाकून बघायला गेला आन् सातवा उडाला. तोंडभर बारीक खडी टोचली. उजवा डोळा फुटला, अंबाजोगाईला त्याच रात्री टाके घातले. डाव्या डोळ्यातले वरवरचे कण सुईनं काढले, खोल रुतलेले ठेवले. सीटी स्कॅन झालाय. आई म्हणते अर्धवट उपचार केला, शेळीचं दूध घालू. पुण्याला नेऊन एमआरआय करावा का?

नेत्रकक्षातली सिस्टर:
दादा, दूध अजिबात नको. टाके घातलेल्या डोळ्यात त्यातून जंतू गेले तर डोळा हातचा जाईल. आईंना नीट समजावून सांगा.

कण ठेवले ते बरोबर आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. काळ्या पाषाणाचा बारीक कण त्यात रुतला तर सहसा गुमान बसतो. खोल कोरून काढायला गेलं तर भोक पडायचं, नाहीतर मोठा डाग राहायचा. काही कण पुढं आपोआप वर येतात, तेव्हा काढता येतात.

माझी काळजी टोपीची, म्हणजे बार उडवणाऱ्या डिटोनेटरची आहे. टोपीची नळी तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते. तांब्याचा तुकडा डोळ्याच्या आत राहिला तर जोराची सूज येते, तो काढावाच लागतो. सीटीच्या कागदावर आत धातू दिसतो का, तेवढं डॉक्टरांना विचारा. त्याआधी एमआरआय नको. लोखंडाचा कण असला तर चुंबकानं डोळ्यातल्या डोळ्यात सरकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना?

जुना बारवाला:
तीस वर्षं बार भरले. न उडालेल्या बाराजवळ लगेच जायचं नसतं हो, पोराला कुणी अडवलं कसं नाही? माझ्या जोडीदाराचा डोळा गेला तेव्हा आम्ही चोळून, पाणी मारून, फडकं आवळून नेला. फुटलेला डोळा दाबायचा नसतो, वर कागदी कप नुसता टेकवून चिकटवायचा, हे फार उशिरा कळलं.

केजचा शेतकरी:
ताई, इंजेक्शन झालंय. सीटीत उजव्या डोळ्यात एक तुकडा आहे, धातूचा वाटतो म्हणाले. संभाजीनगरला घाटी दवाखान्यात जायची चिठ्ठी दिलीय, परवा जाऊ म्हणत होतो.

नेत्रकक्षातली सिस्टर:
परवा नको, आत्ताच निघा. सीटीची फिल्म सोबत घ्या. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत काही खायला देऊ नका. आणि पुढं कधीही, वर्षानंतरसुद्धा, डावा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी दाखवा. एका डोळ्याच्या जखमेनं क्वचित दुसरा चांगला डोळाही सुजतो.

केजचा शेतकरी:
जीप बोलावलीय.