रो हाऊसचं पार्किंग बंद करून खोली काढायची आहे, परवानगी लागेल का?

कडेचं_घर:
महापालिका हद्दीत ओळीतलं शेवटचं रो हाऊस आहे. प्लॉट १२० चौ.मी., भोगवटा पत्र २०१४ चं. खाली गाडीची जागा ३ बाय ५.५ मीटर. तिच्यावर बेडरूमचा स्लॅब, दोन बाजू उघड्या. आईला जिना चढवत नाही, म्हणून तिथे भिंती घालून खोली काढायची आहे. मिस्त्री म्हणतो, स्लॅब आधीच आहे, मग परवानगी कशाला?

नकाशा_विभाग:
मिस्त्रीचं ऐकू नका, परवानगी लागते. गिलावा, फरशी, रंग यांना लागत नाही. पण उघडं पार्किंग राहती खोली झालं की वापर बदलतो आणि एफएसआयही (प्लॉटच्या क्षेत्राशी बांधकामाचं प्रमाण) वाढतो. गाडीसाठी म्हणून ते १६.५ चौ.मी. एफएसआयमधून वगळलेले असतात. भिंत आली की ते मोजले जातात.

मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. मूळ एफएसआय १.१, म्हणजे तुमच्या प्लॉटवर १३२ चौ.मी. पण १३२ मधून जुन्या नकाशावरचं क्षेत्र वजा करून मोकळे होऊ नका. जुन्या नकाशात जिना, बाल्कनी बहुधा वगळलेली असते; आता पी-लाइनच्या (मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या रेषेच्या) आतलं जवळपास सगळं धरतात. मूळ एफएसआयच्या वर लागणारं अनुषंगिक, म्हणजे जोडीचं जादा क्षेत्र प्रीमियम (जादा शुल्क) भरून मिळतं.

खरी अडचण गाडीची आहे. मंजूर नकाशात ती जागा पार्किंग म्हणून दाखवलेली असेल, तर प्लॉटमध्येच दुसरीकडे २.५ बाय ५ मीटर जागा दाखवावी लागेल, आणि तिथपर्यंत गाडी वळून जाता आली पाहिजे. ते जमत नसेल तर बाकी कागद जमवण्यात अर्थ नाही.

आधी मंजूर नकाशाची प्रत काढा. पार्किंग इमारतीच्या रेषेत आहे की समोरच्या सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत), हे त्यावर दिसेल. सामासिक अंतरातला पोर्च भिंतींनी बंद करायला परवानगी मिळत नाही. रेषेत असेल तर वास्तुविशारदाकडून सुधारित नकाशा करून घ्या. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, भोगवटा पत्र, कर भरल्याची पावती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडून महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली अर्ज करा. काम संपलं की पुन्हा भोगवटा पत्र घ्यायला विसरू नका.

बीम_कॉलम:
बांधकामाच्या बाजूने सांगतो. पार्किंगच्या फरशीवर थेट वीट रचू नका. २३० मिमी जाडीची, ३ मीटर उंच विटांची भिंत मीटरला साधारण १४०० किलो भरते. खाली प्लिंथ बीम (जमिनीलगतचा, भिंत पेलणारा आडवा बीम) नसेल तर फरशी खचते आणि भिंतीला तिरकी चीर जाते. १५० मिमी एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) भिंत तेवढ्याच उंचीला ३०० किलोच्या आसपास बसते, पण बीम तिलाही हवाच.

अर्धी भिंत आणि वर लांब खिडकी असंही करू नका. कॉलमचा मोकळा भाग आखूड होतो आणि भूकंपात तो तिथेच तुटतो.

उंची आत्ताच मोजा. राहत्या खोलीला २.७५ मीटर लागते; पार्किंग अनेकदा बीमखाली २.४ मीटरच असतं. त्यात पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून फरशी उचलली की उंची आणखी घटते. नुसती गेटकडे ढाळ असलेली फरशी ठेवलीत, तर पहिल्याच पावसात दाराखालून पाणी आत येईल. ड्रेनेजचं चेंबर तिथे असेल तर ते आधी बाहेर हलवा. खोलीत झाकणाखाली ठेवलेलं चेंबर तुंबलं की घाण पाणी थेट घरात येतं, आणि ते उघडायलाही जागा उरत नाही.

कडेचं_घर:
बांधून नंतर दंड भरून नियमित होतं का?

नकाशा_विभाग:
जे नियमात बसतं तेवढंच. त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकामाची नोटीस आली की मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज करता येतो. पण पार्किंगची जागाच उरली नसेल तर तो फेटाळला जातो. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ खालची शास्ती वेगळी असते. ती भरली तरी बांधकाम अनधिकृतच राहतं.

गाडीची जागा दुसरीकडे निघत नसेल, तर खालच्या हॉलचं पार्टिशन करून आईंची खोली काढता येते का ते बघा. आतली हलकी भिंत असेल, बाहेरून काही बदलत नसेल आणि कॉलम-बीमला हात लागत नसेल, तर ते काम खूप सोपं जातं.