मंगोलियाला पैसे कसे न्यायचे? तिथलं चलन तुग्रिक पुण्यात मिळत नाहीये

पर्वतीपायथा:
जुलैत नादाम, म्हणजे तिथला राष्ट्रीय उत्सव, बघायला मंगोलियाला चाललोय, मी आणि बायको, नंतर आठ दिवस गोबीत. कॅम्पात एम. जी. रोडवर तुग्रिक मागितले तर काउंटरवरचा म्हणे, स्पेलिंग सांगा. डॉलर किती न्यावेत, कार्ड चालतं का?

भटकभवानी:
तुग्रिकचा नाद सोडा हो दादा, देशाबाहेर ते धड मिळत नाहीत आणि उरले तर इथे कोणी घेतही नाही. डॉलरच न्या पण कोऱ्या करकरीत नोटा मागून घ्या, कडेला जरा फाटलेली किंवा शिक्का असलेली नोट दिली की तिकडे उजेडात धरून बघतात आणि परत सरकवतात, माझ्या शंभराच्या दोन नोटा तशाच पुण्याला परत आल्या. डॉलरला साधारण साडेतीन हजार तुग्रिक, 500 डॉलर मोडले की 20,000 च्या जवळजवळ नव्वद नोटा हातात, पाकीट मिटतच नाही. इथे घेताना 50,000 रुपयांच्या वर असेल तर रोख चालत नाही, खात्यातून द्यावे लागतात. नोटांच्या रूपात माणशी 3000 डॉलरपर्यंतच, बाकी कार्डवर.

निवांत_सहकारनगर:
उगाच घाबरवू नका, राजधानीत, उलानबातरमध्ये माझं सगळं कार्डवर झालं, अगदी कॉफीसुद्धा. फक्त मशीन विचारतं रुपयात कापू का, तिथे नाही म्हणा, तो रेट लुटीचा असतो.

भटकभवानी:
काका, उलानबातर म्हणजे गोबी नव्हे. गोबीतल्या दालानझादगाड गावात एटीएम आहे, पण ते सोडलं की रेंजच नाही तर कार्ड कुठे घासणार? गेरमध्ये (तिथले गोल तंबू), उंटवाल्याला, सगळीकडे रोखच. आणि खरी गंमत पुढेच आहे, 11 जुलैपासून नादामची सुट्टी, बँका बंद. तारखा काय तुमच्या?

पर्वतीपायथा:
10 ला रात्री उतरतोय. बोंबला.

भटकभवानी:
मग एअरपोर्टवरच एटीएममधून काढा, शहर तिथून 50 किलोमीटर आहे, टॅक्सीलाही लागतीलच. एकाच कार्डावर विसंबू नका, वहिनींचं वेगळं ठेवा. आणि निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल चालू करा, हे मी स्वतः विसरले होते.

पर्वतीपायथा:
आत्ताच बघितलं, बंदच होतं. दोघांचंही.